पारंपरिक ब्रिटिश पब, एल आणि व्हिस्की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा तिकडे स्थायिक झालेल्या मुलांकडे राहण्यासाठी ब्रिटनला जाणाऱ्या मराठी वाचकांकडून पबविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडनिडे नंतर असा क्रम ठेवला आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आलेला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पब म्हणजे आपल्याकडचा बारच ना? मग त्याचे एवढे कौतुक कशासाठी?

दारू विकण्याचा परवाना दोन्हीकडे असतो, पण बसण्याचे कारण वेगळे असते. पब ही मुळात वस्तीची बैठक आहे. दुपारी एखादे आजोबा अर्धा पिंट घेऊन दीड तास वर्तमानपत्र वाचत बसतात, शेजारच्या टेबलावर एखादे कुटुंब जेवत असते, कोणाचा तरी कुत्रा पायाशी पेंगत असतो आणि यांतले काहीही कोणाला खटकत नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि ‘परमिट रूम’ हे नावच त्यातून आले. ब्रिटनमध्ये परवाना विकणाऱ्याला लागतो, पिणाऱ्याला नाही. त्यामुळे पबमध्ये शिरताना चोरटेपणाची भावना कोणाच्याही मनात नसते.

जुन्या पबची वास्तूही पाहण्यासारखी असते. लंडनमधील ‘द लँब’ या पबच्या काउंटरवर डोक्याच्या उंचीला कोरीव काचांच्या लहान फिरत्या झडपा आहेत. व्हिक्टोरियन काळातील प्रतिष्ठित गिऱ्हाइकांना आपला चेहरा पलीकडे दिसू नये असे वाटे, म्हणून ही सोय होती. बेलफास्टमधील ‘क्राउन लिकर सलून’ आता नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या मालकीचे आहे. तेथे दार लावून बसता येईल अशा लाकडी खोल्या असून त्यांत नोकराला बोलावण्याच्या जुन्या घंटा आजही आहेत. अशा बंदिस्त लहान खोलीला ‘स्नग’ म्हणतात.

२. आम्ही वीस मिनिटे टेबलावर बसून राहिलो, पण कोणीही विचारायला आले नाही. आमच्याशी भेदभाव झाला का?

बहुधा नाही. पारंपरिक पबमध्ये वेटर येत नाही. आपणच काउंटरवर जाऊन पेय मागायचे, तेथेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच टेबलावर आणायचे असतात. जेवणाची मागणीही बहुतेक ठिकाणी काउंटरवरच नोंदवतात. फक्त त्या वेळी टेबलाचा क्रमांक सांगावा लागतो, आणि ताट मात्र टेबलावर येते.

काउंटरपाशी रांग दिसत नसली, तरी ती असते. कोण आधी आले हे पलीकडचा कर्मचारी लक्षात ठेवतो आणि ग्राहकही प्रामाणिकपणे ‘आधी हे होते’ असे सांगतात. नोट किंवा कार्ड हलवून दाखवणे, चुटकी वाजवणे, ‘हॅलो बॉस’ अशी हाक मारणे या गोष्टींनी क्रमांक मागेच जाण्याची शक्यता अधिक. काउंटरला टेकून नजरानजर होण्याची वाट पाहावी. चौघांसाठी मागायचे असेल, तर चौघांच्याही पेयांची नावे पाठ करूनच पुढे जावे.

३. एल आणि बिअर यांत फरक काय?

एल हा बिअरचाच प्रकार आहे. एलचे यीस्ट तुलनेने उबदार तापमानाला काम करते आणि त्यातून फळांसारखे, क्वचित मसाल्यांसारखे स्वाद उतरतात. लागर थंड तापमानाला आंबवतात आणि नंतर बराच काळ थंडच मुरवतात, त्यामुळे तिची चव स्वच्छ व सौम्य असते. भारतात बाटलीतून मिळणारी नेहमीची बिअर म्हणजे लागर.

पबमध्ये याहून महत्त्वाचा भेद कास्क आणि केग या दोन प्रकारच्या पिंपांत आहे. केगमधील बिअर सहसा गाळलेली किंवा पाश्चराइज केलेली असते आणि वायूच्या दाबाने नळातून बाहेर येते. कास्कमधील एलमध्ये जिवंत यीस्ट असते, पिंपातच तिचे दुसऱ्यांदा आंबवणे होते आणि बाहेरचा वायू न मिसळता ती हँडपंपाने वर ओढली जाते. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी सोयीच्या केगचा धडाका लावल्यावर कास्क एल नाहीशी होण्याच्या बेतात आली. तिच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली, आणि आज पबमध्ये हँडपंप दिसतात त्याचे बरेचसे श्रेय तिला जाते. गिनेस ही प्रसिद्ध काळी बिअर स्टाउट, म्हणजे एलच, असली तरी ती केगमधून नायट्रोजनच्या मदतीने येते. ती कास्क एल नव्हे.

४. इंग्रज लोक कोमट बिअर पितात हे खरे आहे का?

खरे नाही. कास्क एल ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात, म्हणजे ती तळघराइतकी गार असते. बर्फात बुडवलेल्या बाटलीची सवय असलेल्या जिभेला ती कोमट वाटते इतकेच. तीच एल ३ अंशांवर आणली, तर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गंध आणि माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) गोडी दोन्ही मिटतात.

या तळघरात काय चालते हे समजले, की चांगला पब ओळखणे सोपे जाते. ब्रुअरीतून (बिअरच्या कारखान्यातून) आलेले पिंप आडवे ठेवून स्थिर होऊ देतात. मग वरच्या बुचात सच्छिद्र लाकडाची मऊ मेख ठोकतात. तिच्यातून जास्तीचा वायू निसटतो आणि मेखेच्या डोक्यावर फेस फसफसत राहतो. तो शांत झाला की कठीण लाकडाची मेख बसवून वायू कोंडतात आणि यीस्ट तळाशी बसू देतात. एवढ्याला एक-दोन दिवस जातात. पिंपाला तोटी लावून विक्री सुरू झाली, की आत हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत एल उतरू लागते. नेहमीच्या ‘फर्किन’ पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पिंट मावतात. तेवढे पिंट तीन दिवसांत खपले नाहीत, तर शेवटच्या गिऱ्हाइकाला शिळी एल मिळते. म्हणूनच दहा हँडपंप लावलेल्या ओसाड पबपेक्षा तीनच हँडपंप असलेल्या गजबजलेल्या पबमध्ये एल चांगली मिळण्याची शक्यता अधिक, असे आमचे स्पष्ट मत आहे. ब्रुअरीच्या नावापेक्षा तळघर सांभाळणाऱ्याचा हात मोठा असतो.

५. हँडपंपांवर नुसती विचित्र नावे असतात. पहिल्यांदा काय मागावे?

हँडपंपाच्या पाटीवर नावाखाली प्रकार आणि मद्यार्काचे प्रमाण लिहिलेले असते. आधी ते वाचावे. ‘बिटर’ ही साधारण ३.५ ते ४.५ टक्क्यांची, तांबूस, किंचित कडवट आणि रोजच्या पिण्याची एल असते. सुरुवात तिच्यापासून करावी. ‘माइल्ड’ बहुधा गडद रंगाची, कमी कडू आणि ३ ते ३.६ टक्क्यांची असते. ‘गोल्डन’ एल लागरची सवय असलेल्यांना लवकर रुचते. ‘पोर्टर’ आणि ‘स्टाउट’ भाजलेल्या माल्टमुळे काळ्या असतात व त्यांत कॉफीसारखी चव येते. स्कॉटलंडमध्ये ‘७० शिलिंग’, ‘८० शिलिंग’ अशी नावे दिसली, तर ती किंमत समजू नये. एकोणिसाव्या शतकातील पिंपाच्या भावावरून ती पडली आहेत आणि आकडा वाढला की एल तीव्र असते.

ठरत नसेल, तर घोटभर चाखायला मागावी. कास्क एलच्या बाबतीत ही मागणी अगदी रूढ आहे, मात्र गर्दीच्या वेळी पाच-पाच नमुने मागू नयेत. पाटी उलटी फिरवलेली असेल, तर ती एल संपली आहे किंवा अजून तयार नाही असे समजावे.

६. पिंट म्हणजे नेमके किती? अर्धा पिंट मागितला तर हसतील का?

पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. आपल्याकडे ‘पिंट’ म्हणून मिळणाऱ्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीपेक्षा हे माप बरेच मोठे आहे, आणि पहिल्या दिवशी अनेकांची गफलत येथेच होते. नळाची बिअर एक तृतीयांश, अर्धा आणि दोन तृतीयांश पिंट अशा मापांतही देता येते. दोन तृतीयांशाचे माप २०११ पासून कायदेशीर झाले. अर्धा पिंट मागण्यात काहीही कमीपणा नाही. वेगवेगळ्या एल चाखायच्या असतील, तर तोच शहाणपणाचा मार्ग आहे.

७. ग्लासात बोटभर फेसच होता. भरून मागता येतो का?

येतो, आणि सौम्य शब्दांत मागितला तर नकार सहसा मिळत नाही. काठापर्यंतचे माप असलेल्या ग्लासात फेस बसल्यावर किमान ९५ टक्के द्रव असावा, असा तेथील व्यवसायाचा संकेत आहे. काही ग्लासांवर काठाच्या खाली रेघ असते. तेथे द्रव रेघेपर्यंत आला की माप पूर्ण झाले आणि वरचा फेस जास्तीचा. उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, हँडपंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची ‘स्पार्कलर’ ही जाळी लावून दाट, सायीसारखा फेस मुद्दाम काढतात. दक्षिणेत तो अनेकांना आवडत नाही. हा वाद जुना आहे आणि पाहुण्याने त्यात पडू नये.

८. एल बिघडलेली आहे की तिची चवच तशी आहे, हे कसे ओळखावे? परत करता येते का?

व्हिनेगरसारखा आंबूस वास, ओल्या पुठ्ठ्याची चव, किंवा अजिबात जीव नसलेली सपक एल ही बिघाडाची लक्षणे आहेत. गढूळपणा मात्र फसवा असतो. काही ब्रुअरी मुद्दाम न निवळलेली एल देतात (प्रश्न १० पाहा). दोन घोटांतच शंका आली, तर ग्लास काउंटरवर नेऊन शांतपणे सांगावे. चांगल्या पबमध्ये तो बदलून देतात. पाऊण ग्लास संपवून तक्रार केली, तर ती कोणी मनावर घेणार नाही.

९. ‘इंडिया पेल एल’चा भारताशी खरोखर संबंध आहे का?

आहे, पण सांगितली जाणारी गोष्ट अर्धीच खरी असते. भारतासाठी कोणी एका दिवसात नवी बिअर शोधून काढली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधील हॉजसनची ‘बो’ ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकाऱ्यांना बिअर पुरवत असे. त्यांत भरपूर हॉप्सची, फिकट रंगाची एल होती. उष्ण कटिबंधातून काही महिन्यांचा प्रवास करून ती भारतात पोहोचे तोवर चांगली मुरलेली असे. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील ऑल्सॉप व बास या ब्रुअरी या व्यापारात उतरल्या, आणि तेथील पाण्यातील जिप्समच्या अंशामुळे हॉप्सचा कडवटपणा अधिक खुलून येई म्हणून त्यांनी बाजार काबीज केला. बासचा लाल त्रिकोण हे १८७६ मध्ये नोंदले गेलेले ब्रिटनचे पहिले व्यापारचिन्ह आहे. भारतातील साधे गोरे शिपाई मात्र मुख्यतः काळी पोर्टर पीत. आज ‘आयपीए’ या नावाखाली ४ टक्क्यांच्या आतली सौम्य एलही मिळते आणि ७ टक्क्यांची जहालही, त्यामुळे नावावर न जाता टक्केवारी पाहावी.

१०. मी शुद्ध शाकाहारी आहे. एल चालेल का? आणि चखण्याचे काय?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचे उत्तर ‘विचारून घ्या’ असेच आहे. कास्क एल लवकर निवळावी म्हणून तिच्यात ‘आयसिंग्लास’ घालण्याची जुनी पद्धत आहे. हा पदार्थ माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून बनतो. तो यीस्टला घेऊन तळाशी बसतो आणि ग्लासात जवळजवळ उतरत नाही, तरी ज्यांचा आक्षेप तत्त्वाचा आहे त्यांच्यासाठी एवढा खुलासा पुरेसा नाही. अलीकडे अनेक ब्रुअरी हा पदार्थ न वापरता एल बनवतात आणि पाटीवर ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हेगन’ असे लिहितात. गिनेसनेही नळाच्या स्टाउटसाठी तो वापरणे थांबवले आहे. साध्या स्कॉच व्हिस्कीत धान्य, पाणी, यीस्ट आणि रंगासाठी क्वचित कॅरामल यांखेरीज काही नसते.

खरा धोका चखण्यात आहे. काउंटरमागे टांगलेली, आपल्या कुरकुऱ्यांसारखी दिसणारी ‘पोर्क स्क्रॅचिंग्ज’ची पाकिटे म्हणजे डुकराचे तळलेले कातडे. उत्तर इंग्लंडमध्ये काही ठिकाणी बटाट्याचे चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. वूस्टर सॉसमध्ये सहसा अँकोव्ही मासे असतात. खारवलेले शेंगदाणे बिनधोक.

११. व्हिस्कीचा पेग इतका छोटा का?

कारण माप कायद्याने ठरलेले आहे. पबमध्ये व्हिस्की, जिन, रम आणि व्होडका २५ किंवा ३५ मिलिलिटर किंवा त्यांच्या पटीत विकावी लागते, आणि आपण कोणते माप वापरतो याची पाटी पबला लावावी लागते. इंग्लंडमध्ये २५ चे माप सर्रास दिसते. स्कॉटलंडमध्ये अनेक ठिकाणी आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर बहुधा ३५ चे मिळते. आपला ‘स्मॉल’ ३० चा आणि ‘लार्ज’ ६० चा असल्यामुळे इंग्लंडमधील ‘डबल’सुद्धा लार्जपेक्षा लहान भरते. हाताने अंदाजे ओतून ‘थोडी वर’ देण्याची सोय तेथे नाही, तेव्हा तसा आग्रह धरू नये.

१२. नुसते ‘व्हिस्की’ म्हटले तर काय मिळते? सिंगल माल्टच मागावी का?

नुसते ‘व्हिस्की’ म्हटल्यास बहुधा भिंतीला उलट्या लावलेल्या बाटलीतील रोजची ब्लेंडेड स्कॉच मिळते आणि ती वाईट मुळीच नसते. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली, तेथेच ओक लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली आणि किमान ४० टक्क्यांची असावी लागते. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतील, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची व्हिस्की. ब्लेंडमध्ये माल्टबरोबर इतर धान्यांची व्हिस्कीही असते. बाटलीवरील वय तिच्यातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते.

पहिल्यांदाच माल्ट घेणाऱ्याने स्कॉटलंडमधील स्पेसाइड भागातील सौम्य, फळांच्या गोडीची व्हिस्की मागावी. आयला (Islay; होय, उच्चार हाच आहे) या बेटावरील लॅफ्रॉइग, आर्डबेग, लागावुलिन या व्हिस्कींचा माल्ट पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या, जळणाऱ्या मातीच्या) धुरावर वाळवतात. तो धूर आणि दवाखान्यासारखा वास काहींना जन्मभराचा आवडतो, काहींना पहिल्याच घोटात नको होतो. निवड अफाट हवी असेल, तर ग्लासगोमधील ‘द पॉट स्टिल’ किंवा एडिनबरामधील ‘द बो बार’ येथे जावे. दोन्हीकडे शेकडो बाटल्या आहेत, आणि आपली आवड व खर्चाची मर्यादा सांगितली की कर्मचारी मनापासून सुचवतात. किंमत मात्र आधी विचारावी, कारण जुन्या बाटल्यांचा एक पेग जेवणापेक्षा महाग असू शकतो.

१३. व्हिस्कीत पाणी, सोडा किंवा बर्फ घातला तर अपमान समजतात का?

पाण्याचा तर मुळीच नाही. स्कॉटलंडमध्ये काउंटरवर पाण्याचा छोटा जग ठेवलेलाच असतो. आधी एक घोट तशीच घ्यावी, मग काही थेंब घालून पुन्हा चाखावी. विशेषतः ५५ ते ६० टक्क्यांच्या ‘कास्क स्ट्रेंग्थ’ व्हिस्कीला पाणी हवेच. बर्फाने गंध दबतो, म्हणून माल्टमध्ये तो टाळणे बरे. ब्लेंडमध्ये सोडा किंवा बर्फ घालण्यास कोणाचीच हरकत नसते. पिण्याचे साधे पाणी ग्राहकाने मागितल्यास इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमधील परवानाधारक पबला ते फुकट द्यावे लागते, तेव्हा बाटली विकत घेऊ नये.

१४. एल आणि व्हिस्की एकाच बैठकीत घेणे योग्य आहे का?

स्कॉटलंडमध्ये ही जुनी रीत आहे. अर्धा पिंट बिअर आणि सोबत छोटी व्हिस्की या जोडीला तेथे ‘हॉफ अँड अ हॉफ’ म्हणतात. एक घोट याचा, एक त्याचा, असे दोन्ही सावकाश संपवतात. व्हिस्की बिअरमध्ये ओतत नाहीत. माल्टी ८० शिलिंगबरोबर स्पेसाइड छान लागते. धुराची व्हिस्की शेवटी घ्यावी, कारण तिच्यानंतर कोणतीही एल बेचव वाटते. मोजदाद मात्र दोन्हींची मिळून ठेवावी (प्रश्न १७ पाहा).

१५. ‘राउंड’ म्हणजे काय? मी ‘तुझे तू, माझे मी’ म्हटले तर चालेल का?

चार जण एकत्र गेले, तर प्रत्येक जण आळीपाळीने सर्वांसाठी पेये आणतो. हाच राउंड. दुसऱ्याच्या राउंडमध्ये पिऊन आपली पाळी येण्याआधी निघून जाणे फार वाईट दिसते आणि ते बराच काळ लक्षात ठेवले जाते. चार राउंड पिण्याची इच्छा किंवा ऐपत नसेल, तर सुरुवातीलाच ‘मी एकच घेणार आहे, माझे मी आणतो’ असे सांगावे. ते कोणी मनाला लावून घेत नाही. लाइम-सोडा किंवा बिनमद्याची बिअर घेऊनही राउंडमध्ये राहता येते. काउंटरवर टिप देण्याची प्रथा नाही. फारच आपुलकी वाटली, तर पैसे देताना कर्मचाऱ्याला ‘अँड वन फॉर युअरसेल्फ’ म्हणतात आणि तो एका पेयाची रक्कम स्वतःसाठी घेतो.

१६. मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला देतील का? आणि लहान मुलांना आत घेतात का?

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. ब्रिटनमध्ये दोन्हींसाठी १८ पुरे. मात्र पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याचा नियम बहुतेक पब पाळतात. आधार कार्ड तेथे चालत नाही, पासपोर्ट जवळ ठेवावा. १६ व १७ वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसासोबत, टेबलावरील जेवणाबरोबर आणि त्या मोठ्या माणसानेच विकत घेतलेली बिअर, वाइन किंवा सायडर इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये पिता येते, व्हिस्की नाही. लहान मुलांना घेण्याबाबत प्रत्येक पबचे नियम निराळे असतात. संध्याकाळी आठ-नऊनंतर अनेक ठिकाणी मनाई असते.

१७. दोन पिंट घेऊन गाडी चालवली तर चालेल का?

चालवू नये. इंग्लंड व वेल्समध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्काची आहे, पण स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ पासून ती ५० वर आणली. सीमा ओलांडून उत्तरेकडे गेलेला माणूस तेवढ्याच बिअरवर गुन्हेगार ठरू शकतो. भारतातील मर्यादा ३० आहे. हिशेबासाठी ब्रिटनमध्ये ‘युनिट’ वापरतात. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. २५ मिलिलिटरच्या ४० टक्के व्हिस्कीत १ युनिट, ४ टक्क्यांच्या एका पिंटमध्ये सुमारे २.३ आणि आपल्याकडील ४२.८ टक्क्यांच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २.६ युनिट असतात. ब्रिटिश आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला १४ युनिटांपेक्षा अधिक न घेण्याचा, तेही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून घेण्याचा आहे.

१८. रात्री घंटा वाजली आणि लोक काउंटरकडे धावले. ती कसली घंटा?

ती ‘लास्ट ऑर्डर्स’ची. यानंतर काही मिनिटेच पेय मिळते. दुसऱ्या घंटेला विक्री बंद होते आणि हातातले संपवायला थोडा अवधी देतात. फार काळ अकरा हीच सार्वत्रिक वेळ होती. इंग्लंड-वेल्समध्ये नवा परवाना कायदा नोव्हेंबर २००५ मध्ये लागू झाल्यापासून प्रत्येक पबची वेळ वेगळी असू शकते.

१९. पबमध्ये भारतीय पदार्थ किंवा भारतीय व्हिस्की मिळते का?

दोन्ही मिळते. बर्मिंगहॅमजवळील स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच या भागांत पंजाबी मालकांचे ‘देसी पब’ आहेत. तेथे हँडपंपाच्या एलबरोबर तव्यावर चरचरत येणारे मिक्स्ड ग्रिल मिळते. त्यांच्यामागे कडवट इतिहास आहे. १९६० च्या दशकात स्मेदिकमधील काही पब गोऱ्यांखेरीज इतरांना ठरावीक खोल्यांत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध लढा दिला आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांनी स्मेदिकला भेट दिली. त्याच वर्षी वंशभेदविरोधी कायद्याने सार्वजनिक ठिकाणी असा भेदभाव बेकायदा ठरवला. आज वंशावरून कोणी पेय नाकारले, तर तो कायद्याचा भंग आहे. झिंगलेल्या माणसाला नकार देणे मात्र पबचे कर्तव्यच आहे.

व्हिस्कीच्या बाबतीत, उसाच्या मळीच्या मद्यार्कापासून बनलेली आपली बरीचशी स्वस्त व्हिस्की ब्रिटनमध्ये ‘व्हिस्की’ या नावाने विकताच येत नाही, त्यामुळे घरचा ओळखीचा ब्रँड मागून उपयोग नाही. बंगळूरूची ‘अमृत’ आणि गोव्यातील कुंकळ्ळीची ‘पॉल जॉन’ या सिंगल माल्ट मात्र चांगल्या व्हिस्की पबमध्ये दिसतात. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के व्हिस्की उडून जाते. आपल्या उष्ण हवेत ती कित्येक पटींनी अधिक उडते आणि तितक्याच वेगाने मुरतेही. त्यामुळे या बाटल्यांवर १२ किंवा १८ वर्षांचा आकडा बहुधा नसतो, आणि तो नाही म्हणून त्या कमअस्सल ठरत नाहीत.